जन्मकथा बदला, पण निर्णय नायकाकडेच राहू द्या



गाजलेल्या सुपरहिरोची जन्मकथा नव्या कॉमिक मालिकेत पुन्हा सांगितली जाऊ लागली, की ‘तेच ते किती वेळा’ अशी तक्रार होते. खरे तर कथा पुन्हा का सांगितली, यापेक्षा ती सांगताना काय बदलले आणि काय राखले, हे पाहायला हवे. गाव, काळ, वेश, शक्तीचे निमित्त, सारे बदलावे. मात्र नायकाचा स्वतःचा निर्णय आणि त्यापायी त्याने मोजलेली किंमत यांना धक्का लागू नये, असे माझे म्हणणे आहे. १९६२ साली स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी अवघ्या ११ पानांत स्पायडर-मॅन उभा केला, तो याच बळावर. किरणोत्सर्गी कोळी चावणे हा निव्वळ अपघात होता. त्याने पीटर पार्कर बलवान झाला, नायक झाला नाही. समोरून पळणाऱ्या चोराला त्याने ‘मला काय त्याचे’ म्हणून जाऊ दिले आणि पुढे त्याच चोराने त्याच्या बेनकाकांचा जीव घेतला, तेव्हा कुठे त्याला आपली जबाबदारी कळली.

ही कसोटी लावून पाहण्यासारखे उदाहरण आपल्याच राज्यात घडते. २००४ मध्ये गोथम एंटरटेनमेंट ग्रुपच्या शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि चित्रकार जीवन कांग यांनी ‘स्पायडर-मॅन : इंडिया’मध्ये ही कथा मुंबईत आणली. खेड्यातून शिष्यवृत्तीवर शिकायला आलेला पवित्र प्रभाकर, त्याचे भीमकाका आणि मायाकाकू, गावाकडच्या पेहरावावरून त्याला चिडवणारी शहरी मुले, हा बदल वरवरचा नव्हता. तपोवन किंवा देवगिरी एक्स्प्रेसने परभणीहून मुंबईला शिकायला जाणाऱ्या मुलाचा बुजरेपणा त्यात ओळखू येतो. गुंडांनी घेरलेल्या तरुणीची हाक पवित्र ऐकून न ऐकल्यासारखी करतो आणि तिच्या मदतीला धावलेल्या भीमकाकांना भोसकले जाते. चोराला जाऊ देण्यापेक्षा ही चूक अधिक बोचते, कारण भर रस्त्यात बाईची छेड काढली जात असताना मान वळवून पुढे जाणारे आपल्याकडे कमी नाहीत. तपशील बदलला आणि मूळ प्रश्न अधिक धारदार झाला.

शक्तीचे निमित्त बदलताना मात्र हीच मालिका चुकली. कोळ्याच्या जागी एक प्राचीन योगी येतो आणि जगावरच्या संकटाशी लढण्यासाठी पवित्रला शक्ती देतो. कामगिरी आधीच नेमून दिली, तर मुलाच्या निवडीला अर्थ काय उरला? काकांचा मृत्यूही मग विधिलिखितातला एक टप्पा वाटू लागतो. भारतीय वाचकाला दैवी वरदान जवळचे वाटते, असे यावर म्हटले जाते. मराठी वाचनाचा अनुभव वेगळा आहे. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश फेणे कोणत्याही वरदानाशिवाय मुलांच्या पिढ्यांचा लाडका झाला. २०१७ च्या चित्रपटात तो मोठा होऊन वैद्यकीय प्रवेश परीक्षेतल्या गैरव्यवहाराच्या मागे लागला, तरी चौकस आणि धडपड्याच राहिला. इथल्या मातीतलेच निमित्त हवे असेल, तर कपाशीवरचे तुडतुडे आणि मावा खाणारा कोळी शेतकऱ्याचा मित्र मानला जातो. १९७२ साली स्थापन झालेल्या परभणीच्या कृषी विद्यापीठासारख्या ठिकाणच्या प्रयोगातून निसटलेला कोळी एखाद्या मुलाला चावला, तर कथा अस्सल इथली होईल आणि अपघातही अपघातच राहील.

इतके बदलायचे तर नवा नायकच का घडवू नये, असा दुसरा आक्षेप आहे. नवे नायक हवेतच. पण ओळखीच्या कथेत एखादी गोष्ट बदलली, की वाचक ती जुन्या कथेशी ताडून पाहतो आणि कथा नेमकी कशावर उभी आहे हे त्याला कळते. जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या जोनाथन हिकमन यांच्या ‘अल्टिमेट स्पायडर-मॅन’मध्ये पीटर दोन मुलांचा बाप आहे, बेनकाका जिवंत आहेत आणि शक्ती स्वीकारायची की नाही, हे पीटरलाच ठरवायचे असते. अपघात गेला, काकांचा मृत्यू गेला. निर्णय तेवढा राहिला, आणि तेवढ्यावर कथा तोलली गेली.

म्हणून मराठीत अशी मालिका करू पाहणाऱ्या लेखक-चित्रकारांना विनंती, की स्थळ नेमके निवडा, माणसे ओळखीची घ्या आणि शक्ती मिळाल्यानंतर त्या मुलाला चुकण्याची मोकळीक द्या. आधीच निवडला गेलेला नायक मुलांना थक्क करील. पण दुसऱ्याच्या हाकेला धावून जायचे की नाही, हा प्रश्न चुकलेला नायकच त्यांना स्वतःला विचारायला लावील.

– एक वाचक, परभणी