पेटीवरचा लॉट नंबर

कारखान्याचं काडतूस चांगलं की हाताने भरलेलं, हा वाद रायफलवाल्यांत कायमचा. अमेरिकेतल्या बेंचरेस्ट स्पर्धेत, म्हणजे रायफल टेबलावर टेकवून सगळ्या गोळ्या एकाच भोकातून काढायचा प्रयत्न जिथे चालतो तिथे, तो कधीच मिटलाय. तिथले नेमबाज स्वतःच्या रायफलमधून उडालेली पुंगळीच पुन्हा वापरतात, कारण ती त्या चेंबरच्या मापाला बसलेली असते. तिला नवी कॅप लावायची, दारू तोलून घालायची, गोळी दर वेळी तेवढीच खोल दाबायची. जास्त जोर कुणाला नको असतो. शंभरावं काडतूस पहिल्यासारखंच वागावं, यासाठी हा खटाटोप. लाखांनी काडतुसं काढणारा कारखाना एका रायफलचं माप धरून बसू शकत नाही.

आपल्या पोरांना ही वाट बंद आहे. काडतुसं बनवायला १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली वेगळा परवाना लागतो, ही एक गोष्ट. पण ५० मीटर रायफलचं पॉइंट टू-टू काडतूसच मुळात पुन्हा भरण्याजोगं नाही. त्याला वेगळी कॅप नसते. पेट घेणारा मसाला पुंगळीच्या बुडाच्या काठात असतो. पिन काठावर आदळते, काठ चेपतो, पुंगळी निकामी.

मग हातात उरते ती लॉटची, म्हणजे कारखान्यात एका खेपेत बनलेल्या काडतुसांची, निवड. एकाच नावाच्या, एकाच किमतीच्या दोन पेट्या, पण लॉट वेगळा असला की त्याच नळीतून गोळ्या वेगळ्या जातात. म्हणून मोठे नेमबाज रायफल घेऊन इंग्लंड-जर्मनीतल्या कंपन्यांच्या चाचणी केंद्रांवर जातात. रायफल शिकंज्यात आवळतात, लॉटमागून लॉट झाडून बघतात आणि ज्याच्या गोळ्या सर्वांत जवळजवळ लागतात, त्याच्या पेट्या उचलतात.

सेकंदाला सुमारे ३२५ मीटर वेगाने निघालेली गोळी ५० मीटरवर जवळपास १२ सेंटिमीटर खाली येते. लॉट बदलल्याने या वेगात १० मीटरचा फरक पडला, तर नुसत्या गुरुत्वाकर्षणाच्या हिशेबाने ती ७ मिलिमीटर वर-खाली लागते. दशांश गुणांत ०.८ मिलिमीटरला ०.१ गुण जातो. म्हणजे नेमबाज तसूभर न हलता १०.९ चा १०.१ होतो. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ४५१.४ गुणांवर कांस्य घेतलं, ते ५० मीटर रायफलच्याच प्रकारात.

आणि जिल्ह्याच्या रेंजवर? एखाद्या मुलीला मिळतील त्या पेट्या, प्रत्येकीचा लॉट निराळा. गोळी खाली लागली की बोलणी तिच्या श्वासाला. हे मला पटत नाही. पुण्याच्या बालेवाडी क्रीडा संकुलात एक शिकंजा बसवा. हंगामाआधी चार-पाच लॉटचे नमुने मागवा, प्रत्येक मुलाची रायफल त्यांवर तपासा आणि जमलेला लॉट नंबर त्याच्या वहीत लिहून वर्षभर तोच द्या. पेट्या तर संघटनांना विकत घ्याव्याच लागतात. त्या तपासून घ्या, एवढंच मागणं आहे.