वास गेला, ही थट्टेची बाब नव्हे

कुणाचा पाय मोडला की अख्खं गाव विचारपूस करतं. पण कुणी म्हणालं, ‘मला वास येत नाही, जेवणाला चव लागत नाही’, तर लोक हसण्यावारी नेतात. घरच्या बाईची फोडणी करपली, तर ‘हिचं ध्यान कुठं असतं?’ म्हणून तिलाच बोल. हे बरोबर नाही.

जून २०२० मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने वास व चव जाणे हे कोरोनाच्या लक्षणांत धरले. सर्दी, फ्लूच्या विषाणूनेही असे होते. कोरोनाचा विषाणू नाकात वास ओळखणाऱ्या पेशींना आधार देणाऱ्या पेशींवरच घाव घालतो. म्हणून नाक मोकळे असूनही वास येत नाही. जीभ गोड, आंबट, खारट, कडू अशा ठरावीक चवी जाणते. भाकरीचा खमंगपणा नाकालाच कळतो.

बहुतेकांना काही आठवड्यांत गुण येतो, पण काहींचे महिनोन्‌महिने जातात. तोवर धोका टळत नाही. घरगुती गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वास मिसळतात. धान्यात ठेवायच्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांचा विषारी वायू लसणासारख्या वासावरून लक्षात येतो. फवारणीचे औषध सांडले, दूध नासले, तेही नाकच सांगते. नाकच बंद, तर सांगणार कोण?

तेव्हा अशा माणसाला एकट्याने फवारणी करू देऊ नका, कोठीत गोळ्या ठेवायला पाठवू नका. शेगडी दुसऱ्याने तपासावी. मिरचीचा ठसका लागतो म्हणजे नाक ठीक, असं समजू नका. झोंबणं कळतं ते वेगळ्या शिरेनं. डोळे मिटून चहापूड, कोथिंबीर ओळखता येते का, ते बघा. दोन-तीन आठवड्यांत फरक नसेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा.

जर्मनीतील ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांनी २००९ मध्ये एक साधा उपाय मांडला. गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी यांचा वास दिवसातून दोनदा, १२ आठवडे ध्यान देऊन घ्यायचा. सगळ्यांनाच गुण येतो असे नाही. पण खर्च नाममात्र, नेटाने करून पाहावा.

सरपंच मंडळींना एकच विनंती. आशाताई घरोघर जातात, तेव्हा ताप-खोकल्याबरोबर ‘वास येतो का?’ हेही विचारायला सांगा. ग्रामसभेत हा विषय एकदा काढा. एका प्रश्नाने एखादं घर वाचेल.