शनीला शूद्र ठरवणारे ग्रहबल आपल्याला कशाला हवे?

आपल्या वस्त्यांतही आता लग्न जमवताना पत्रिका निघते, स्पर्धा परीक्षेत अपयश आले की साडेसाती आठवते. म्हणून ज्योतिषी ज्याला ‘ग्रहबल’ म्हणतात, ते आपण तपासू या.

षड्बलात स्थान, दिक्, काल, चेष्टा, नैसर्गिक आणि दृक् अशी सहा बळे मोजून बेरीज करतात. आकडे पाहून विज्ञान वाटते. पण यातले नैसर्गिक बळ कुंडलीगणिक बदलतच नाही. सूर्याला कायम ६०, शनीला कायम ८.५७! आणि बृहत्पाराशरात गुरू-शुक्र ब्राह्मण, सूर्य-मंगळ क्षत्रिय, चंद्र-बुध वैश्य, शनी शूद्र. ज्योतिषी म्हणतील, बळ तेजावरून ठरवले. ठीक. मग वर्ण कोणत्या दुर्बिणीतून दिसला? जन्मावरून माणसाची किंमत करणाऱ्या व्यवस्थेने आकाशही सोडले नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हे शास्त्र कसोटीला तरी उतरते का? २००८ मध्ये डॉ. जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी महाराष्ट्रात चाचणी घेतली. हुशार मुलांच्या आणि बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांच्या कुंडल्या वेगळ्या ओळखायच्या होत्या. २७ ज्योतिषांची सरासरी ४६ टक्के. नाणे उडवले असते तरी ५० च्या आसपास आले असते!

बुद्धांनी ब्रह्मजाल सुत्तात ग्रहताऱ्यांवरून भाकिते करून पोट भरणे मिथ्या आजीविका ठरवले. बाबासाहेबांनी शिक्षण, संघटन, संघर्ष सांगितला, ग्रहशांती नाही. मित्रांनो, शांतीचे पैसे पुस्तकांवर खर्च करा. जन्माची वेळ आपल्या हातात नव्हती, अभ्यासाची आहे.

जय भीम!