पाच हातांवरचे गाणे

आपल्या आवडीच्या गायकाला पाच हातांवर बसून ऐकणे ही चैन आहे की गरज, हा प्रश्न या पानावर उपस्थित करणे काहींना अप्रस्तुत वाटेल. घर, पाणी आणि रोजगार यांच्या लढाईत गाण्याचे काय, असे आपल्यातील काही मंडळी प्रामाणिकपणे विचारतात. त्यांच्या शंकेला उत्तर द्यावे एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

गेल्या हिवाळ्यात मुलुंडमधील एका शाळेच्या लहानशा सभागृहात माझ्या आवडीच्या एका गायकाची मैफल ऐकली. श्रोते शंभराच्या आत. त्यांची ध्वनिमुद्रणे मी वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे, त्यामुळे सूर नवे नव्हते. पण चीज मांडण्यापूर्वी घेतलेला श्वास, समेवर येताना तबलजीकडे टाकलेला कटाक्ष, पुढच्या रांगेतील एका वृद्ध श्रोत्याने मान हलवताच तीच जागा वेगळ्या वळणाने पुन्हा घेणे, हे कोणत्याही तबकडीत नव्हते. लहान जागेत श्रोता गायकाला पाहतो, तसा गायकही श्रोत्याला पाहतो, आणि गाणे दोघांचे होते. हजार खुर्च्यांच्या नाट्यगृहात, पुढच्या काही रांगा सोडल्या तर, आपण गायकाला ऐकत नाही, कर्णे ऐकतो.

शास्त्रीय गायनाला हे जेवढे लागू आहे, त्याहून अधिक ते शाहिरीला लागू आहे. घाटकोपरच्या चिरागनगरात अण्णा भाऊ साठे यांनी आयुष्याची कित्येक वर्षे काढली. अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी 1944 मध्ये लाल बावटा कलापथक उभे केले. त्याचा श्रोता कामगार होता, आणि त्याचे सभागृह गिरणीचे फाटक, चाळीचा चौक किंवा मैदान हे होते. संयुक्त महाराष्ट्राचा लढा नेत्यांच्या भाषणांनी जेवढा घरोघर पोहोचला, तेवढाच शाहिरांच्या डफाने पोहोचला. तेव्हा ‘आधी लढा, मग गाणे’ हा क्रम आपल्याच चळवळीच्या इतिहासाला धरून नाही.

त्याच घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात 11 जुलै 1997 रोजी पोलिसांनी गोळीबार केला व दहा माणसे मारली गेली. त्यानंतर चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी गळफास घेऊन आपले जीवन संपविले. आनंद पटवर्धन यांच्या 2011 च्या ‘जय भीम कॉम्रेड’ या चित्रपटामुळे त्यांचा आवाज देशभर गेला, हे मोठेच काम झाले. तरीही ज्यांनी त्यांना वस्तीच्या चौकात समोर बसून ऐकले, त्यांच्याजवळ पडद्यावर न मावणारे असे काही आहे. शाहीर श्रोत्यांचे चेहरे वाचून कवनात त्यांच्याच नळाचे आणि त्यांच्याच गल्लीचे नाव गुंफतो. दूर बसलेल्या अनोळखी समुदायासाठी त्याला हे करता येत नाही.

कोणी म्हणेल, आता प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे, गाणे जवळजवळ फुकट झाले आहे, मग तक्रार कशाची? ध्वनिमुद्रणाचा उपकार मी नाकारीत नाही. ऐंशीच्या दशकात कॅसेटने भीमगीते गावोगाव नेली. पण येथे अर्थशास्त्रातील एक जुना सिद्धान्त ध्यानात घेतला पाहिजे. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी 1966 मध्ये प्रयोगक्षम कलांच्या आर्थिक पेचावर ग्रंथ लिहिला. त्यांचे म्हणणे सोपे आहे. यंत्रामुळे एका कामगाराच्या एका तासात निघणारे कापड कितीतरी पटींनी वाढले. पण एक तासाचा ख्याल गायला शंभर वर्षांपूर्वी जेवढी माणसे आणि जेवढा वेळ लागत होता, तेवढाच आजही लागतो. इतरांचे वेतन उत्पादकतेबरोबर वाढत जाते, कलावंतालाही त्याच बाजारात पोट भरायचे असते, म्हणून मुद्रित गाणे स्वस्त होत असतानाच समोरचे गाणे महाग होत जाते. हा कोणाचा लोभ नव्हे, हा व्यवहाराचा गुणधर्म आहे.

हिशेब मांडून पाहू. समजा, शंभर खुर्च्या आणि 200 रुपये तिकीट. जमा झाली 20,000. सभागृहाचे भाडे 8,000 आणि ध्वनिव्यवस्था व इतर खर्च 3,000 धरला, तर उरतात 9,000. ते गायक, तबलजी आणि पेटीवाला यांनी वाटून घ्यायचे. तिकीट वाढविले तर शिक्षक, कारकून आणि कामगार बाहेर राहतात. सभागृह वाढविले तर जवळीक जाते. मात्र भाडे शून्य केले, तर तिकिटात एक रुपयाही न वाढविता कलावंतांच्या हाती 17,000 पडतात. म्हणजे लहान मैफलीचा खरा प्रश्न कलावंताच्या मानधनाचा नसून जमिनीच्या भावाचा आहे.

आपल्या उपनगरांनी पूर्वी हा प्रश्न सहकाराने सोडविला होता. पार्ल्याचा 1923 सालचा लोकमान्य सेवा संघ, मुलुंडचा महाराष्ट्र सेवा संघ यांसारख्या संस्था लोकवर्गणीतून उभ्या राहिल्या. संगीत मंडळे वार्षिक वर्गणीवर चालत, आणि चाळीच्या गणेशोत्सवात घरटी पट्टीतून गायक येत. खर्च सर्वांवर पसरला म्हणजे कोणालाच जड होत नाही. आज पुनर्विकासात चाळीचा चौक जातो आणि त्या जागी मनोऱ्याच्या सभासदांपुरते क्लबघर येते. उघड्या जागी रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, आणि पहाटे कामावर जाणाऱ्यांच्या झोपेसाठी 2000 सालचा तो नियम योग्यच आहे. पण म्हणूनच बंदिस्त, लहान, सार्वजनिक जागेची गरज अधिक वाढली आहे.

अशा जागा कागदोपत्री आहेत. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या नियमांत बालवाडीबरोबर कल्याण केंद्रासाठी जागा ठेवण्याची तरतूद आहे. महापालिकेच्या शाळांची सभागृहे संध्याकाळी रिकामी असतात. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत आपल्या प्रत्येक शाखेने आपल्या प्रभागातील अशा जागांची यादी करावी: किती बांधल्या, किती कुलूपबंद आहेत, किती भलत्याच कामासाठी वापरल्या जातात. मग महापालिकेकडे दोन मागण्या कराव्यात. महिन्यातून ठरावीक संध्याकाळी ही जागा गायन-शाहिरीसाठी विनाभाडे मिळावी. आणि तिची किल्ली नगरसेवकाच्या मर्जीवर न राहता रहिवाशांच्या समितीकडे असावी.

दुसरी मागणी पहिलीइतकीच महत्त्वाची आहे. विनाभाडे जागा कोणाच्या कृपेने मिळाली, तर शाहिराला त्याच्याविरुद्ध गाता येणार नाही. यादीचे काम मात्र कोणाच्या परवानगीवाचून उद्याच सुरू करता येईल. प्रत्येक प्रभागात दोन कार्यकर्ते आणि एक वही एवढे त्यासाठी पुरेसे आहे.