भिंतीवरचा ठिपका

जून संपता संपता शाळा उघडली आणि दुसऱ्याच आठवड्यात माझ्या हातून एक चूक झाली. आठवीच्या वर्गावर मराठीचा तास चालू होता. शेवटच्या बाकावरची एक मुलगी मान खाली घालून वहीच्या मागच्या पानावर काहीतरी काढत होती. मी वही ओढली, पान फाडलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "मराठीची वही चित्रं काढायला असते का?" वर्ग हसला. ती रडली नाही, नुसती खिडकीबाहेर बघत राहिली.

तास संपल्यावर ते पान नीट पाहिलं. रस्त्याच्या कडेला ओळीने मांडलेले गुंड, कळशा, तेलाचे रिकामे डबे आणि एक मोठा ड्रम. एका गुंडाच्या गळ्याला ओळखीसाठी चिंधी बांधलेली, एका डब्यात दगड टाकलेला, वाऱ्याने उडू नये म्हणून. टँकर अजून यायचा होता. माणूस मात्र एकही नव्हता. मलकापूर तालुक्यातल्या त्या मोहल्ल्याने मे महिना कसा काढला, हे मला त्या एका पानाने सांगितलं. त्याच आठवड्यात मी वर्गाला 'पाणीटंचाई' या विषयावर निबंध दिला होता. बहुतेक सगळ्यांची सुरुवात 'पाणी म्हणजे जीवन' अशीच होती. तिच्या निबंधाचीही.

त्या रात्री मला सय्यद हैदर रझा आठवले. १९२२ साली मंडला जिल्ह्यात जन्मलेला हा मुलगा वनखात्यातल्या नोकरदाराचा. शाळेत त्याचं चित्त थाऱ्यावर नसे. एकदा गुरुजींनी त्याला व्हरांड्यात बसवलं, भिंतीवर एक ठिपका काढला आणि सांगितलं, याच्याकडे बघत राहा. मारलं नाही, वही फाडली नाही. पुढे नागपूरच्या कलाशाळेत, मग मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि १९५० साली शिष्यवृत्तीवर थेट पॅरिसला पोहोचलेल्या रझांनी उतारवयात पुन्हा पुन्हा तोच ठिपका रंगवला. त्यांचा 'बिंदू' जगभर गाजला. नागपूरहून मुंबईला जाताना त्यांची गाडी आपल्या शेगाव, नांदुरा, मलकापूरवरूनच गेली असणार. अशी कितीतरी मुलं आपल्या स्टेशनांवरून जात असतील, आपल्या वर्गातही बसत असतील.

पण रझा एकटे घडले नाहीत. १९४७ साल आठवा. देश स्वतंत्र झाला आणि फुटलाही. माणसं एकमेकांना नाव विचारून मारत होती. रझांचे भाऊ पाकिस्तानात गेले, ते मात्र इथेच राहिले. त्याच वर्षी मुंबईत सहा तरुण एकत्र आले आणि त्यांनी 'प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप' काढला. गोव्याचे ख्रिस्ती फ्रान्सिस न्यूटन सूझा, पंढरपूरला जन्मलेले मकबूल फिदा हुसेन, आपल्या अमरावती जिल्ह्यातले हरी अंबादास गाडे, हैदराबादकडून लहानपणीच मुंबईला आलेले आणि लोकांच्या घरी कामं करून वाढलेले आरा, शिल्पकार सदानंद बाकरे आणि रझा. बाहेर आग लागली होती, आणि हे सहा जण एकमेकांची चित्रं बघत, भांडत, एकमेकांना शिकवत होते. हिटलरच्या छळामुळे युरोपातून मुंबईला आलेल्या काही जाणकारांनी त्यांना आधार दिला. जुन्या ठरावीक पद्धतीची चित्रं नकोत, आपण जे जगतो ते आपल्या रीतीने मांडू, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

आणि त्यांनी मांडलं ते जगलेलंच होतं. हुसेन तरुणपणी पोटासाठी सिनेमाची पोस्टरं रंगवत. १९५५ साली त्यांनी 'जमीन' हे मोठं चित्र काढलं, त्यात खेड्यातलं जगणं आहे. तान्हे असतानाच त्यांची आई गेली. तिचा चेहरा आपल्याला आठवत नाही, असं ते सांगत. मदर तेरेसांवरच्या त्यांच्या चित्रांत पांढऱ्या साडीची किनार दिसते, चेहऱ्याची जागा रिकामी असते. एका पोरक्या मुलाचं दुःख त्या रिकाम्या जागेत आहे. पुढे त्यांच्या काही चित्रांवरून मोठे वाद झाले आणि म्हातारपणी त्यांना देशाबाहेर राहावं लागलं. समाजाचं आणि कलावंताचं नेहमीच पटतं असं नाही. पण पन्नास-साठ वर्षांपूर्वी आपण कसे होतो हे शोधायचं झालं, तर सरकारी कागदांइतकीच ही चित्रंही पाहावी लागतात.

मी त्या मुलीचं पान वर्गासमोर फाडलं होतं, म्हणून माफीही वर्गासमोरच मागितली. मग एलिमेंटरी चित्रकला परीक्षेचा फॉर्म तिच्या हातात दिला. दोन दिवसांनी तिचे अब्बा शाळेत आले. त्यांचं वेल्डिंगचं दुकान आहे. अदबीने बसले आणि म्हणाले, "टीचर, इसमें क्या रखा है? गणित में ध्यान देने दो. और अपने में तस्वीर बनाते नहीं."

हा प्रश्न आपल्या पुष्कळ घरांत आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सजीवांच्या चित्रांबद्दल उलेमांमध्ये मतभेद आहेत. मी काही मुफ्ती नाही, ज्या घराची जी समज असेल तिचा मान राखते. पण चित्रकला म्हणजे फक्त चेहरे नव्हेत. रझांनी आयुष्यभर मुख्यतः गावं, घरं, झाडं, माती आणि मग वर्तुळं, त्रिकोण रंगवले. शेजारच्या रोहिणखेडला सोळाव्या शतकातली मशीद आहे. तिच्या कमानी ज्याने आखल्या, तोही कधीतरी कुणाच्या हाताखाली रेघ ओढायला शिकलाच असेल. खत्ताती शिकणाऱ्यालाही आधी हात स्थिर करावा लागतो.

मी त्यांना विचारलं, "भाईजान, ग्रिलचं डिझाइन तुम्ही कसं करता?"

"फर्शी पर चॉक से निकालता," ते म्हणाले आणि जरा थांबले. मी ते फाटलेलं पान त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग चिंधी बांधलेल्या गुंडावर बोट ठेवून हळूच म्हणाले, "ये हमारा है."

फॉर्म त्यांनी घडी घालून खिशात ठेवला. सही झाली की नाही, हे लिहीत असताना मला ठाऊक नाही. होईल, इन्शाअल्लाह. पण बहिणींनो, भावांनो, एक विनंती आहे. तुमच्या मुलांच्या वह्यांची मागची पानं एकदा उघडून बघा. रागावण्याआधी बघा. तुमच्याच घराबद्दल तिथे काहीतरी लिहून ठेवलेलं असेल.