पाटीला प्रत्यय नसतो

पारोळ्याच्या स्टँडवर 'जळगाव-धुळे' पाटीची एसटी लागली की चढण्याआधी माणूस विचारतोच, "धुळ्याला ना?" पाटीवर गावं दोन आहेत, प्रत्यय एकही नाही. बोलण्यात ही पंचाईत होत नाही. 'जळगावहून धुळ्याला' म्हणा, नाहीतर 'धुळ्याला जळगावहून'. अहिराणीत 'ला'चा 'ले' झाला तरी गाडी चुकत नाही.

लिनक्सची माउंट ही आज्ञा या पाटीसारखी आहे. दुसऱ्या यंत्रावरचा फोल्डर एनएफएसने जोडायचा तर आधी सर्व्हर, कोलन आणि तिथला मार्ग. मग आपल्याकडची जागा. 'आधी कुठून, मग कुठे' हा निसर्गक्रमच आहे, फायलींची प्रत काढणारी सीपी आज्ञाही तशीच चालते, असं या क्रमाचे समर्थक सांगतात. मग विंडोजची 'नेट यूज' आधी झेड ड्राइव्ह आणि नंतर सर्व्हर कसा मागते? निसर्ग कंपनीगणिक बदलत नाही. शिवाय सीपीची उपमाच फसवी. माउंटमध्ये काहीच वाहून आणलं जात नाही. फायली तिथेच राहतात, इथे फक्त दार उघडतं. आणि त्या जागी आधी जे होतं ते माउंट काढेपर्यंत झाकलं जातं.

दुसरा पक्ष जास्त हुशार आहे. कोलनवरून सर्व्हर ओळखू येतो, तर क्रम उलटला तरी आज्ञेने समजून घ्यावं, असं तो म्हणतो. एनएफएसपुरतं हे शक्य आहे, पण तिथे उलटं लिहिलं तर जागा सापडत नाही म्हणून आज्ञा अडतेच. खरा घोळ बाइंड माउंटमध्ये. तिथे दोन्ही फोल्डर आपल्याच यंत्रावरचे, कोलन नाही. क्रम चुकला की भलताच फोल्डर मुकाट्याने झाकला जातो. एका ठिकाणी अंदाज बांधणारी आणि दुसरीकडे न बांधणारी आज्ञा मला नको.

 

उपाय आज्ञेतच आहे: डॅश-डॅश-सोर्स आणि डॅश-डॅश-टार्गेट. 'हून' आणि 'ला'च म्हणा. मग क्रम कसाही ठेवा. ओळ लांबते, ही तक्रार खरी; हाताने एकदाच द्यायची आज्ञा खुशाल आखूड ठेवा. पण दोन वर्षांनी दुसऱ्याची स्क्रिप्ट उघडणाऱ्याला विचारायला कंडक्टर नसतो.