पंप कोणता, हे कोणी ठरवायचे?

तुमच्या वर्गात दम्याचा विकार असलेला एखादा मुलगा किंवा मुलगी असण्याचा बराच संभव आहे. दप्तरात, बहुधा डब्याखाली दडवून, त्याने एक 'पंप' ठेवलेला असतो. तो कोणत्या जातीचा असावा हे डॉक्टर ठरवतात, पैसे आईबाबा देतात, आणि ज्याने तो ओढायचा त्याला मात्र कोणी विचारत नाही. माझ्या मते हे बरोबर नाही, आणि याचे कारण तुमच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकातच आहे.

पंप मुख्यत्वे दोन प्रकारचे. एकात धातूच्या डबीत औषध आणि दाबाने द्रवरूप केलेला वायू असतो. डबी दाबली की फवारा मोठ्या वेगाने सुटतो. त्याच क्षणी श्वास घ्यायचा, पण सावकाश आणि खोल. दुसऱ्यात कॅप्सूलमधील कोरडी पूड असते. येथे वायू नाही. पूड उडवण्याचे काम आपल्या श्वासानेच करायचे, म्हणून तो झटकन आणि जोरात ओढायचा. म्हणजे दोहोंची रीत अगदी उलट! शिकवल्याशिवाय एकाऐवजी दुसरा हाती दिला, तर औषध घशातच आपटते. कारण जडत्व. कल्याण-शीळ रस्त्यावर बस वळली की उभा प्रवासी सरळ जाऊ पाहतो, तसेच मोठ्या कणांचे होते. साधारण १ ते ५ मायक्रॉनचे कणच श्वासनलिकांची वळणे घेत खोलवर जातात.

आता माणसे पाहा. डोंबिवलीहून सकाळच्या लोकलने ठाण्याला जाणाऱ्याचा एक हात वरच्या कडीला असतो. कॅप्सूल भरायला दुसरा कोठून आणायचा? त्याला फवारा सोयीचा. संधिवाताने बोटे आखडलेल्या आजोबांना डबी दाबवत नाही. लहान मुलाला दाबणे आणि ओढणे एकदम साधत नाही. त्याच्या पंपाला स्पेसर, म्हणजे फवारा क्षणभर धरून ठेवणारी पोकळ नळी, लावावी लागते. आपल्या पावसाळी हवेत कॅप्सूल उघडी राहिली तर पूड दमट होऊन चिकटते. आणि २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने डोंबिवलीचे नाव अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांच्या यादीत घातले होते, तेव्हा हा प्रश्न येथे चार घरांपुरता नाही.

तुम्ही म्हणाल, रोग्याला काय कळते? पुष्कळांना तर गोळीच बरी वाटते. पंपाची 'सवय लागते' अशी समजूत आहे. मग गणित करू. साल्ब्युटॅमॉलची गोळी ४ मिलिग्रॅमची असते. पंपाच्या दोन फवाऱ्यांत मिळून फक्त २०० मायक्रोग्रॅम, म्हणजे विसावा भाग. गोळीतील औषध रक्तातून सर्व शरीरभर फिरते, म्हणून हात कापतात, छाती धडधडते. पंपाचे औषध जेथे हवे तेथेच जाते. हे समजावून सांगितल्यावर रोगी जे निवडेल ती त्याची खरी आवड. त्याआधीची ती नुसती भीती.

आणि रोग्याला कळते! १९५५ पर्यंत काचेच्या उपकरणाला रबरी फुगा जोडून औषध ओढावे लागे. अमेरिकेतील रायकर लॅबोरेटरीजचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या १३ वर्षांच्या दमेकरी मुलीने विचारले, की केसांच्या फवाऱ्यासारखी डबी दम्यासाठी का नसावी? १९५६ मध्ये असा पंप बाजारात आला.

कोणी म्हणेल, फवाऱ्यातील वायू पृथ्वी तापवतो, मी पूडच घेईन. विचार चांगला आहे. पण बदल डॉक्टरांना विचारून करावा, कारण धाप लागली असता श्वास जोरात ओढवत नाही आणि पूड आत जात नाही.

शिक्षकांनाही एक विनंती. पंप कार्यालयाच्या कपाटात कुलूपबंद ठेवू नका. धाप मधल्या सुटीची वाट पाहत नाही, आणि किल्ली असलेले शिपाई नेमके तेव्हा बँकेत गेलेले असतात.